रद्दचं निशाण

"सरका, सरका! ज्यांची माणसं समुद्रात बुडाली त्यांना आधी आत सोडा," दारावरचा स्वयंसेवक ओरडला, आणि किल्ल्याच्या पायऱ्यांवर ताटकळत उभ्या असलेल्या अर्ध्या गावाने आपलं कोणीतरी बुडालेलंच आहे असं ठरवून टाकलं. माझ्या पुढच्या बाईचा म्हणे दीर बुडाला होता. तो दीर गेल्याच आठवड्यात माझ्या दुकानात येऊन चष्म्याची दांडी बसवून घेऊन गेला होता, घासाघीस करून. मी बोलणारच होते, पण ताईने माझं मनगट घट्ट धरलं.

"धाकटे, आत गेल्यावर तोंड उघडायचं नाही. तुझ्या जिभेला हाड नाही."

"बरं."

"शपथ घे."

"अगं, बरं म्हटलं ना."

मागे दोन म्हातारे बोलत होते. "आज दिसतील का हो?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "ऊन कडकडीत आहे, म्हणजे दिसणारच. ढगाळ असलं की आत्मे रुसतात." हे ऐकून तरी कोणाला शंका यावी की नाही? अंधाराला घाबरणारी आणि उन्हात बाहेर पडणारी भुतं जगात प्रथमच आमच्या गावात अवतरली होती. पण सगळे माना डोलावत होते.

हा किल्ला परक्या सरकारने बांधलेला. तोफा समुद्राकडे तोंड करून बसवल्या होत्या, पण त्यांनी लढाई म्हणून एकही बार काढला नाही. दुपारी बाराला एक तोफ उडायची आणि गाव आपली घड्याळं लावून घ्यायचं, एवढाच त्यांचा पराक्रम. खरं काम माथ्यावरच्या इशाऱ्याच्या चौकीचं. तिथे उंच निशाणकाठी होती. तिच्यावर रंगीत निशाणं चढवून येणाऱ्या जहाजांना सांगायचं, पुढे या, थांबा, मागे फिरा, वाट मोकळी आहे, निघा. माझे आजोबा साहेबांच्या हाताखाली तिथे दोर ओढायचे. साहेब गेले, निशाणं राहिली, आणि आजोबांचा दोर माझ्या वडिलांच्या, नानांच्या हातात आला. नाना गावाचे शेवटचे निशाणवाले. पुढे जहाजांवर बिनतारी यंत्रं आली, चौकीला कुलूप लागलं आणि नाना घरी बसले.

आम्हा बहिणींना त्यांनी बाराखडीच्या आधी निशाणं शिकवायला घेतली. ताई बाहुल्यांत रमायची, तिच्या डोक्यात एकही शिरलं नाही. मला मात्र ती आजही तोंडपाठ आहेत. निशाणांच्या पेटीच्या तळाशी एक काळ्या-पिवळ्या चौकड्यांचं निशाण होतं. "आधीचा संदेश चुकीचा, रद्द समजावा," असा त्याचा अर्थ. नाना त्याची घडी कधी मोडू द्यायचे नाहीत. "हे माझ्या हातून वर गेलेलं नाही," असं ते पाहुण्यांना सांगायचे, आणि सांगताना छाती जरा पुढे यायची.

आम्ही आत गेलो. आधी दारूगोळा ठेवायची आणि पुढे साहेब हुकूम सोडायला बसायचा ती खोली, जाडजूड भिंतींची, खिडकी नसलेली. दार लागलं आणि काळाकुट्ट अंधार झाला. मग समोरच्या चुना फासलेल्या भिंतीवर उजेड उतरला. निळा समुद्र वरच्या बाजूला, आकाश खालच्या बाजूला, आणि मधल्या पट्टीवर माणसं चालत होती. पाय वर, डोकी खाली. रंगीत, हलती, वीतभर उंचीची. कोणीतरी हुंदका दिला, कोणी हात जोडले.

"बघा," दर्याबुवांचा आवाज आला. ही दर्शनं घडवणारे बुवा भिंतीला टेकून बसले होते. "बुडालेला माणूस उलटा का दिसतो? कारण पाण्याखाली आकाश तळाला असतं आणि जमीन माथ्यावर! विज्ञानाला हे अजून कळायचंय. कळेल, कळेल, त्यांनाही सवड होऊ द्या."

लोक म्हणाले, "वा." मी चष्मे विकते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांच्या डोळ्यांत बघणं हाच माझा धंदा. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर जगाचं चित्र उलटंच पडतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मी मागे वळून पाहिलं. मागच्या भिंतीत, साहेब पूर्वी दुर्बिणीची नळी बाहेर काढायचा त्या गोल भोकात, उजेडाचं एक वर्तुळ चमकत होतं. बाहेर धक्का होता, आणि धक्क्यावर ऊन. बाहेरची माणसं भोकातून उलटी होऊन आत येत होती, एवढीच गंमत.

पण नुसत्या भोकातून चित्र इतकं ठसठशीत येत नाही. त्यात काच हवी, अगदी कमी नंबरची. तेव्हा मला आठवलं. गावातला फोटोवाला, ज्याचा स्टुडिओ मोबाइल आल्यापासून बंद पडला होता, तो मागे माझ्याकडून पाव नंबरची काच घेऊन गेला होता. फ्रेममध्ये बसवायला कापलेली नको, आख्खी गोल हवी म्हणाला. "पाव नंबर कोणाला लागतो हो?" मी हसून विचारलं होतं. "कॅमेऱ्याला," तो म्हणाला होता. तर हा कॅमेरा. आम्ही सगळे त्याच्या पोटात उभे होतो.

"अहो," ताई शेजारी कुजबुजली, आणि तिचा आवाज मी तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ऐकला होता तसा झाला. "आले बघ."

भिंतीवर पिवळा रेनकोट घातलेला माणूस आला होता. डोक्यावर टोपी ओढलेली, खांद्यावर दोराची गुंडाळी, डावा पाय जरा ओढत चालणारा. तिचे यजमान, आमचे भाऊजी, बंदराच्या बोटीवर इंजिन चालवायचे. वादळात बोट गेली. बाकीच्यांचे देह किनाऱ्याला लागले, भाऊजींचा नाही. ते असेच चालायचे, हे सगळ्या गावाला माहीत होतं. चेहरा कोणाला दिसला नव्हता, टोपी होती ना. तरी भिंतीवर आपला माणूस ओळखणारी पहिली बाई म्हणजे माझी ताई. तिने ओळखलं, मग बाकीच्यांनाही आपापले ओळखू यायला लागले. त्या दिवसापासून ती दर रविवारी इस्त्रीची साडी नेसून, पावडर लावून इथे यायची. घरात ती हसायला लागली होती, आणि म्हणूनच मी इतके दिवस बुवाला शिव्या फक्त मनात घालत होते.

पण आता प्रकरण घारीपर्यंत आलं होतं. घारी म्हणजे ताईची मुलगी. डोळे घारे, म्हणून सगळे तिला घारीच म्हणतात. तिला मोठ्या शहरात विजेच्या यंत्रांचं शिकायला जागा मिळाली होती. महिना संपायच्या आत जाऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा गेली. ताईही तिच्याबरोबर तिकडे बिऱ्हाड करणार होती. सगळं ठरलं होतं. आणि मग ताई म्हणाली, "यांना विचारल्याशिवाय कसं जायचं?"

"विचार, माउली," बुवा म्हणाले. "दर्याच्या कानात बोल."

दर्याचा कान म्हणजे बुवांच्या खांद्याजवळ भिंतीतून बाहेर आलेलं एक पितळी तोंड, कर्ण्यासारखं. मी दात आवळले. त्या नळीचं दुसरं टोक निशाणकाठीच्या बुडाशी निघतं. पूर्वी साहेब आणि पुढे आपला अधिकारी खालून हुकूम सोडायचा, आणि वर आधी आजोबा, मग नाना निशाण चढवायचे. लहानपणी आम्ही त्याच कानात ओरडायचो, "नाना, डबा आणलाय."

ताई वाकली. "अहो, घारीला तिकडे पाठवू का? मी पण जाऊ का तिच्यासोबत?"

"दर्याला उत्तर द्यायला वेळ लागतो," बुवा म्हणाले. "खोल आहे तो."

आम्ही बघत राहिलो. पिवळा रेनकोट थांबला. त्याने मान उचलली, म्हणजे आमच्या बाजूने खाली केली. मग तो वळला आणि पाठ करून लंगडत निघून गेला.

ताईने पदर तोंडाला लावला.

"पाठ फिरवली," बुवा हळहळले. "बापाची इच्छा नाही. तरी घाई करू नकोस. पुढच्या रविवारी पुन्हा विचार. तेव्हाही पाठ फिरवली, तर मात्र पोरीने उंबरठा ओलांडायचा नाही."

पुढच्या बाईचा नंबर लागला, तीच ती जिवंत दीर असलेली. मी अंधारात चाचपडत दाराशी गेले आणि बाहेर सटकले.

बाहेर डोळे दिपले. खाली धक्क्यावर पिवळा रेनकोट उभा होता, पाय खाली, डोकं वर, आणि विडी ओढत होता. थोड्या वेळाने त्याने विडी टाकली आणि वर पाहिलं. मीही वर पाहिलं. निशाणकाठीवर रंगीत कापडं फडफडत होती. गावात सगळे म्हणायचे, बुवांनी शोभेला लावलीत. शोभा कसली, दोन निशाणं होती, लाल आणि त्याखाली पांढरं. "पुढे या." रेनकोट लंगडत पुढे आला. आत बहुतेक त्या बाईच्या दिराने होकार दिला.

लबाडी करायची तर करा. एखादा रुमाल हलवला असता, आरसा चमकवला असता, तरी काम झालं असतं. पण वरच्या माणसाला खोटं निशाण लावता येत नव्हतं. जो हुकूम, त्याचंच निशाण, जुन्या पद्धतीप्रमाणे, गाठीसकट बरोबर. आणि निशाण टोकाला पोचल्यावर ते अर्ध्यापर्यंत खाली आलं आणि पुन्हा वर गेलं. जहाजाला हा नमस्कार करायची पद्धत कुठल्याही नियमात नव्हती. ती एकाच माणसाची होती.

मी पायरीवर मटकन बसले. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, चष्मेवालीला पण दर्शन झालं.

संध्याकाळी मी ताईच्या घरी गेले. नाना तिच्याकडेच राहायचे. ताई बाजारात गेली होती, नाना गॅलरीत खुर्चीवर बसून समुद्राकडे बघत होते.

"नाना, हात दाखवा."

"कशाला?"

"दाखवा म्हणते ना."

त्यांनी हात पुढे केले. तळव्यांवर दोराचे ताजे वळ होते. कित्येक वर्षांत मी ते पाहिले नव्हते.

"मी एक पैसासुद्धा घेतलेला नाही," ते घाईघाईने म्हणाले. त्यामुळे जणू सगळं धुऊन निघणार होतं.

"मग कशासाठी, नाना?"

ते वळांवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "बुवांनी कुलूप उघडून दिलं. नवा दोर आणला, निशाणं शिवून घेतली. मी वर चढवतो, आणि खाली कोणीतरी मान वर करून वाचतं आणि तसं वागतं. किती वर्षांनी, तूच सांग."

"वाचतो कोण? तो फोटोवाला!"

"मीच शिकवलं त्याला. चांगला शिकला." आणि हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

"आज नळीतून ताईचा आवाज आला होता ना?"

नानांनी मान खाली घातली.

"ओळखलात?"

"पोटच्या पोरीचा आवाज ओळखणार नाही?"

"आणि तरी 'मागे फिरा' चढवलंत?"

"बुवांनी सांगून ठेवलं होतं. तुझी ताई गेली तर त्यांची पहिली साक्षीदार जाते." त्यांनी हात मांडीखाली दडवले, चोरी पकडलेल्या पोरासारखे. "आणि खरं सांगू? त्यांनी नसतं सांगितलं तरी मी तेच चढवलं असतं. घारी गेली की तिच्यामागे तुझी ताई जाणार. मग मी कुठे राहू? तुझं दुकान सकाळी उघडतं ते दिवे लागले तरी बंद होत नाही."

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची जहाजं सुखरूप आत आणली, त्याने स्वतःच्या नातीला बंदरातच अडकवून ठेवलं होतं. त्यांची लाज वाटली, आणि त्यांनी दुकानाबद्दल म्हटलं ते खरं होतं, म्हणून माझीही.

"ताईला तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

"काय सांगू? दर रविवारी तू ज्याला भेटायला नटून जातेस तो फोटोवाला आहे, म्हणून? तुझ्यात धीर असेल तर तू सांग."

माझ्यातही नव्हता. सगळ्या गावावर चालणारी माझी जीभ बापापुढे लुळी पडली. मग मी एक पळवाट काढली. काच दाखवायची, भोक दाखवायचं, फोटोवाल्याला पकडायचं, आणि निशाणकाठीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. अर्धं खरं सांगून घरची अब्रू झाकायची. मोठी शहाणी!

घारीला मी दुकानात बोलावलं. शटर ओढलं, दाराला काळं कापड लावलं, कापडाच्या भोकात पाव नंबरची काच धरली. मागच्या भिंतीवर सगळा रस्ता उलटा उतरला, सायकली, हातगाडी, समोरच्या शिंप्याची पाटीसुद्धा. घारी हसली. मग तिचं हसू थांबलं.

"म्हणजे बाबा नाहीत तिथे."

"नाहीत गं."

"मला वाटलंच होतं, मावशी. पण आई इतकी खुश असायची..." ती डोळे पुसून म्हणाली, "सांग, मी काय करू?"

रविवारी खोली खच्चून भरली होती. ऊनही चांगलं पडलं होतं. बुवा रंगात आले होते. "दर्या कोणाचं ठेवत नाही, फक्त उलटं करून ठेवतो," असलं काहीबाही सांगत होते आणि लोक त्याचा अर्थ एकमेकांना समजावत होते. ताईचा नंबर आला. तिने पितळी तोंडाशी वाकून तोच प्रश्न विचारला, आणि या वेळी शेवटी म्हणाली, "नाही म्हणायचं असेल तर म्हणा, पण पाठ नका फिरवू."

भिंतीवर पिवळा रेनकोट आला. थांबला. मान उचलली. आणि तेवढ्यात चित्राच्या कडेने आणखी कोणीतरी आलं. मुलगी होती, दोन वेण्या छताच्या दिशेने लोंबत होत्या.

"ही कोण आता?" मागून कोणी विचारलं. "ही कधी बुडाली?"

"घारी," ताई म्हणाली. मग किंचाळली. "माझी घारी! ती कुठंय? घरात होती ना ती?"

एवढं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला फक्त युक्ती दिसत होती. त्या अंधारात आपली जिती मुलगी मेलेल्यांत पाहून माझ्या बहिणीचं काय होईल, याचा विचार मी केलाच नव्हता. मी तिला मिठी मारली. "ताई, ती जिवंत आहे. बाहेर धक्क्यावर उभी आहे. तू नुसती बघ."

उलटी घारी उलट्या भाऊजींपाशी गेली. तिने हात उचलला आणि टोपी ओढली. खाली टक्कल निघालं. सगळ्या गावाच्या लग्नांचे फोटो काढलेलं टक्कल, ते कोण ओळखणार नाही? रेनकोट सावरत फोटोवाला पळत सुटला, आणि पळताना त्याचा पाय अजिबात ओढत नव्हता.

मी मागच्या भिंतीशी गेले आणि भोकावर तळवा ठेवला. समुद्र, आकाश, माणसं, सगळं विझलं. तळवा काढला, सगळं परत आलं. पुन्हा ठेवला, पुन्हा गेलं. मग मी दार उघडायला लावलं, काच काढून हातात धरली आणि सांगितलं, उजेड सरळ रेषेत चालतो, वरचा खाली उतरतो, खालचा वर चढतो, तुमच्या प्रत्येकाच्या डोळ्यात हे रोज होतं.

"काच तर तुझ्याच दुकानातली दिसते," कोणीतरी म्हणालं.

"हो. माझ्याच. मीच विकली."

कुजबुज वाढली. बुवा मात्र डगमगले नाहीत. ते उठून उभे राहिले. "असेल काच! दर्याने काचेतून दर्शन दिलं. पण इथे अंधारात विचारलेला प्रश्न बाहेर कसा कळला? दार बंद, भिंती हातभर जाड. उत्तर कोणी दिलं? सांग ना, पोरी. सांग की सगळ्यांसमोर."

आणि ते हसले. त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. सगळे माझ्याकडे बघत होते, ताईसुद्धा. पदर अर्धा ढळलेला, पावडर ओघळलेली, आणि तिच्या डोळ्यांत आशा होती. मी गप्प राहिले तर पिवळा रेनकोट खोटा आणि नवरा खरा, एवढ्यावर ती पुन्हा दर रविवारी आली असती. मी हातातली काच नुसतीच पुसत राहिले.

तेव्हा दर्याचा कान खाकरला.

"धाकटे," पितळी तोंडातून आवाज आला, म्हातारा, दमलेला. "ताईला बाहेर आण. सगळ्यांनाच आण. आणि मी काय चढवतोय ते मोठ्याने वाच."

ताईने त्या नळीकडे पाहिलं. "नाना?" ती म्हणाली.

आम्ही बाहेर आलो. घारीही धक्क्यावरून धावत वर आली होती. सगळं गाव मान वर करून बघत होतं. निशाणकाठीच्या बुडाशी नाना उभे होते, उघड्या डोक्याने, आणि त्यांनी अंगावर जुना, विटलेला, चौकीचा कोट घातला होता. त्यांनी दोर ओढला. घड्या पडलेलं एक निशाण उलगडत वर गेलं, काळ्या-पिवळ्या चौकड्यांचं. ते टोकाला पोचलं. नमस्कारासाठी ते अर्ध्यावर आलं नाही. नानांनी दोर तसाच बांधून टाकला.

"काय गं आहे ते?" ताईने विचारलं.

"आधीचा संदेश चुकीचा," मी वाचलं. "रद्द समजावा."

"कोणाचा संदेश?"

"नानांचा, ताई. तू खाली नळीत विचारायचीस, ते वर ऐकायचे. ते निशाण लावायचे, फोटोवाला ते वाचायचा. मागच्या रविवारी पाठ फिरवायला नानांनीच सांगितलं होतं."

नानांनी तोपर्यंत दुसरं निशाण चढवलं होतं, निळं-पांढरं. ते मी घारीकडे बघून वाचलं. "वाट मोकळी आहे. निघा."

ताई रडली नाही. तिने पदर नीट खोचला, घारीचा हात धरला आणि पायऱ्या उतरायला लागली. माझ्या शेजारून जाताना हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही बापलेकींनी मिळून मला दुसऱ्यांदा विधवा केलंत."

बुवा त्या गडबडीत निसटले. आता कुठल्याशा दुसऱ्या बंदरात दर्शन देतात असं ऐकते. काच दुसरीकडून घेतली असेल. आमच्या गावात आता विचाराल तर जो तो म्हणतो, "आम्हाला पहिल्यापासून शंका होती." जिवंत दीर बुडवणारी बाईसुद्धा. आमच्याबद्दल मात्र लोक निराळं बोलतात. काच चष्मेवालीची, निशाण तिच्या बापाचं, वर आम्हालाच शहाणपण शिकवते. बोलू देत. खोटं काय बोलतात?

घारी मुदतीच्या आत शहरात हजर झाली. ताई तिच्याबरोबर गेली. घारीचा फोन येतो. ताई फोनवर येत नाही, पण मागे भांड्यांचा आवाज येतो, तो मी ऐकत बसते. नाना माझ्याकडे आहेत. मी दुकान संध्याकाळी वेळेत बंद करते, ही अक्कल मला उशिरा आली.

दुकानाच्या काउंटरवर आता एक खोका ठेवला आहे. एका बाजूला तीन नंबरची काच, पाव नंबरला खोका खोलीएवढा लागला असता, आणि दुसऱ्या बाजूला तेल लावलेला पातळ कागद. गिऱ्हाईक थांबलं की नाना ते दाखवतात. रस्ता उलटा बघून लोक हसतात, मग विचारतात, "आणि आतला प्रश्न बाहेर कसा कळायचा हो?" पहिल्यांदा कोणी असं विचारलं तेव्हा मी मधे पडायला गेले. नानांनी मला हाताने थांबवलं. "एक नळी होती," ते म्हणाले, "आणि दोर ओढणारा मी होतो." दर वेळी ते हे सांगतात, आणि दर वेळी सांगताना त्यांची नजर काउंटरवर खिळलेली असते.

मला माझ्या वाचकांना एवढंच सांगायचं आहे. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी तो हात भोकावर ठेवून बघा. ढगाळ दिवशी का होत नाही, ते विचारा. अंधाऱ्या खोलीतून बाहेर या, वर बघा, दोर कोण ओढतंय ते शोधा. आणि तो माणूस तुमच्याच घरचा निघाला, तर मी केली तशी अर्धं सांगायची पळवाट काढू नका. लाज वाटेल, फार वाटेल. मला अजून वाटते, नानांना तर रोज वाटते. पण त्या लाजेपायी आम्ही गप्प राहिलो असतो, तर आमची घारी आज कुठे असती, ते तुम्हीच सांगा.